चेकरची सही

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला सांगताना संपादक काकू म्हणाल्या, "तुझ्या कामाबद्दल लिही. पण गाड्यांच्या सीटबद्दल नको, इथे सगळे तेच करतात." मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायमध्ये हे खरंच आहे. कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की पोळी ताटात पडायच्या आत कोण गाडीचा कुठला भाग बनवतं हे कळलेलं असतं. मी सीटखालच्या रुळांवर काम करते. पण त्याआधी दोन वर्षं मी मॅसॅच्युसेट्समध्ये एका तोफेवर काम करत होते. काकूंना ते हवं होतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मी मराठी बोलत आले, लिहिलं फार कमी. शिवाय मी मुळात कमी बोलते आणि स्वतःबद्दल तर टाळतेच. म्हणून तोफेपासून सुरुवात करते.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेच्या सैन्याकडे लांब पल्ल्याची जी मोठी तोफ होती, ती मूळची फ्रेंच होती. पुढची आपली स्वतःची हवी, असं ठरलं. तिचा पल्ला जास्त हवा. तिचे मागचे दोन लांब पाय कैचीसारखे उघडून जमिनीत रुतायला हवेत. घोड्यांऐवजी ट्रॅक्टरने ओढता यावी म्हणून चाकं रबरी हवीत. कागदावर सगळं ठरलं, चाचणीसाठी एखाददुसरा नग झाला, आणि मग पैसे थांबले. युद्ध नव्हतं, तोफ कुणाला हवी होती? पण ड्रॉइंग काढणाऱ्या विभागात काही माणसं उरली होती. ती वर्षानुवर्षं त्याच तोफेची ड्रॉइंग्ज सुधारत राहिली. रिव्हेट काढून तिथे वेल्डिंग आलं. ब्रेक बदलले. तोफ उडाल्यावर नळी मागे येते तो धक्का तेलाने आणि हवेने झेलायची यंत्रणा पुन्हा पुन्हा तपासली गेली. प्रत्यक्षात मोठ्या संख्येने तोफा बनल्या त्या पुढचं युद्ध दारात आल्यावर.

मला सगळ्यात आधी हेवा वाटला तो त्या माणसांचा. त्यांची ड्रॉइंग्ज स्कॅन होऊन माझ्या स्क्रीनवर यायची. एकाच कंसाच्या, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या, शीटवर उजव्या कोपऱ्यात बदलांची यादी असायची, आणि दोन बदलांमध्ये कधी कधी वर्षं गेलेली असायची. वर्षं. मला माझ्या विद्यार्थी व्हिसावरच्या नोकरीच्या परवानगीचे दिवस मोजावे लागत होते, आणि ही माणसं एका बोल्टची जागा अर्धा इंच सरकवायला पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबत होती.

आमची कंपनी छोटी होती. जुनी यंत्रं संग्रहालयांसाठी दुरुस्त करायची. मालक वॉल्ट, सत्तरीचा, पूर्वी मशीनिस्ट. आमच्या शेडमध्ये आलेली तोफ त्या मधल्या काळातल्या चाचणीच्या नगांपैकी होती. पुष्कळ वर्षं उघड्यावर राहिल्यामुळे तिचे बरेच भाग गायब होते. जुन्या ड्रॉइंगवरून कॉम्प्युटरवर त्या भागाचं मॉडेल करायचं, मॉडेलवरून लाकडी पॅटर्न करून घ्यायचा आणि फाउंड्रीतून तो भाग ओतून आणायचा, हे माझं काम.

त्यात एक नियम होता आणि तो शंभर वर्षांपूर्वीही तोच होता. मॉडेल एकीने करायचं, दुसरीने तपासायचं. खाली दोन सह्या. तपासणारीची सही झाल्याशिवाय काही बाहेर जात नाही. वॉल्ट म्हणायचा, "करणारा चुकू शकतो. चेकरला ती सवलत नाही."

दुसरी म्हणजे मृण्मयी.

मृण्मयी माझ्यानंतर सहा महिन्यांनी आली. कोल्हापूरजवळच्या गावची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, वडील फाउंड्रीत मोल्डर, ओतकामाचे वाळूचे साचे करणारे. इंग्रजी बोलताना ती क्रियापदं अर्ध्यात सोडून द्यायची आणि हाताने वाक्य पूर्ण करायची. आम्ही दोघी श्रूजबरीला एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. तिच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून ती माझ्या गाडीतून यायची.

मला वाटलं होतं, अमेरिकेत माझं इंग्रजी हीच माझी शिदोरी. पण झालं उलटंच. माझ्याशी लोक नीट, पूर्ण वाक्यात बोलायचे आणि निघून जायचे. तिच्याशी बोलायला थांबायचे. शेडमधले वेल्डर तिला काय काय दाखवायला न्यायचे. ती जेवणाचा डबा तोफेच्या पायावर बसून खायची. मी माझ्या टेबलावर. पहिल्याच आठवड्यात ती वॉल्टला तोंडावर "वॉल्टकाका" म्हणाली. त्याने अर्थ विचारला. तिने सांगितलं, वडिलांचा भाऊ. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "मग तू मला काका का म्हणत नाहीस?" मी हसले. मला काय सांगता आलं असतं? सुचलं नव्हतं, एवढंच.

गाडीत ती बोलत असायची.

"तू जेवायला शेडमध्ये का येत नाहीस गं?"

"काम असतं."

"काम काय, मलाबी असतंय. मजा येते बघ. तो लाल दाढीवाला आहे ना, त्याला मी ठेचा दिला काल."

"मग?"

"मग काय, पाणी प्यायला आणि परत मागितला."

मला लाल दाढीवाल्याचं नावही माहीत नव्हतं. मी सव्वा वर्ष तिथे होते.

जानेवारीत वॉल्टने दोघींना बोलावून सांगितलं की मार्चमध्ये भरायच्या वर्क व्हिसासाठी कंपनी या वर्षी एकाच व्यक्तीचा अर्ज करू शकते. कोणाचा, ते तो फेब्रुवारीअखेर ठरवेल. दुसरीला दुसरीकडे शोधावं लागेल. त्याला हे सांगताना त्रास होत होता, हे दिसत होतं. परत जाताना गाडीत मृण्मयी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुझाच करतील. तुझं सगळं कसं टापटीप असतंय."

मलाही तसंच वाटत होतं. आणि तसं नाही झालं तर, हेही वाटत होतं.

त्याच आठवड्यात तिने एका कंसाचं मॉडेल करून माझ्याकडे तपासायला पाठवलं. तोफ डावी-उजवीकडे वळवायचं हाताचाक ज्या दांड्यावर बसतं, तो दांडा धरून ठेवणारा हा कंस. ओबडधोबड, मुठीएवढा, एका अंगाला बाहेर आलेला कान. कानात भोक.

इथे थोडं ड्रॉइंगबद्दल सांगावं लागेल. कागदावर आधी वस्तू समोरून दिसते तशी काढतात, आणि मग शेजारी, बाजूने दिसते तशी. प्रश्न एवढाच की कुठली बाजू कुठे काढायची. भारतात कॉलेजात शिकवतात, उजवीकडून जे दिसतं ते डाव्या हाताला काढा. अमेरिकेत उजवीकडचं उजव्याच हाताला काढतात. रेषा त्याच, जागेची रीत वेगळी. वस्तू दोन्ही अंगांनी सारखी असेल तर काही बिघडत नाही. पण एका अंगाला कान असेल, तर एका रीतीने वाचल्यावर तो पुढे येतो आणि दुसऱ्या रीतीने मागे. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायाची होते. जुन्या शीटवर कुठली रीत आहे हे लिहिलेलंही नसायचं, कारण काढणाऱ्याला दुसरी रीत असते याची आठवण व्हायचं कारणच नव्हतं.

इथे येणाऱ्या प्रत्येक भारतीय इंजिनिअरकडून ही चूक एकदा तरी होते. माझ्याकडून पहिल्या सेमिस्टरला झाली होती, आणि प्रोफेसरने माझा कागद वर्गासमोर धरला होता. त्यानंतर मी ती सवय मुळापासून काढून टाकली.

मृण्मयीच्या मॉडेलमध्ये कान पुढे होता, नळीच्या तोंडाकडे. शीट मी अमेरिकन रीतीने वाचलं. कान मागे यायला हवा होता. मी पुन्हा वाचलं. मागेच.

ती देशी चूक करून बसली होती.

त्या वेळी मनात काय आलं ते मी नीट लिहायचा प्रयत्न करते, कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. शांत, स्वच्छ आनंद, परीक्षेत उत्तर येत असल्यावर होतो तसा. ती माझ्यापासून पंधरा फुटांवर बसली होती, कानात हेडफोन, पाय हलवत. "अगं, रीत उलटी वाचलीस," एवढंच म्हणायचं होतं. मी मॉडेल सगळीकडून फिरवून पाहिलं, मापं मोजली, सगळी बरोबर होती. आणि मी चेकरच्या चौकटीत सही केली. मनात म्हटलं, कदाचित मीच चुकत असेन. पण मला तशी शंका नव्हती. शंका असती तर मी नक्की विचारलं असतं.

पॅटर्न करायला गेला. कास्टिंग, म्हणजे ओतलेला कंस, यायला तीन आठवडे लागणार होते. ते तीन आठवडे मी खूप चांगली वागले. तिला बाजारात नेलं, तिच्या इमेलमधलं इंग्रजी सुधारून दिलं. तिने माझ्यासाठी पिठलं केलं तेव्हा दोनदा वाढून घेतलं. कंस आला, बसला नाही, की लगेच दाखवता यावं म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवर कान मागे असलेलं मॉडेल तयार करून ठेवलं.

माझी चूक त्यातूनच झाली. वॉल्टने मला त्या कंसावरचं झाकण करायला सांगितलं. मी ते कान मागे धरूनच केलं. माझ्या डोक्यात कंस तसाच होता. झाकण तपासायला मृण्मयीकडे गेलं.

दहा मिनिटांत ती माझ्या टेबलाशी आली. आवाज न चढवता, खाली वाकून म्हणाली, "झाकण उलटं झालंय गं तुझं."

"नाही झालं."

"कान पुढं आहे की."

"कान मागे आहे," मी म्हटलं. "तू भारतातल्या रीतीने वाचलंयस. इथे तसं वाचत नाहीत." हे मी जरा मोठ्यानेच म्हणाले असेन, कारण पलीकडच्या टेबलावरच्याने वर पाहिलं.

ती गोंधळली नाही. तिने माझी खुर्ची बाजूला सरकवून स्क्रीनवर शीट मोठं केलं. "ही मापं बघ. इंचात अशी मापं कोण देतं? चारचार आकडे पॉइंटच्या पुढं. हे मिलिमीटर आहेत, त्यांना इंचाचा सदरा घातलाय. जुन्या फ्रेंच तोफेचा भाग आहे हा. त्यांनी तो तसाच उचलला आणि ड्रॉइंग पण तसंच गिरवलं. फ्रेंच लोक आपल्यासारखंच काढतात."

त्या विचित्र आकड्यांकडे मी आठवडाभर पाहिलं होतं. मी ते बरोबर मोजले होते.

"तरी पण कशावरून," मी म्हटलं.

"चल."

ती मला शेडमध्ये घेऊन गेली. मी तिथे कधी जेवायला गेले नव्हते. तोफेखाली पाठीवर झोपून आत सरकायला लागलं. कंसाच्या जागी जाड रंगाचा थर होता, डोळ्यांना नुसती सपाट पट्टी दिसत होती. तिने माझं मनगट धरलं आणि हात पट्टीच्या मागे, अंधारात नेला.

"डोळ्यांनी नाही. बोटांनी."

रंगाखाली भोकं भरलेली होती, पण कडा लागत होत्या. आणि पुढच्या अंगाला, नळीच्या तोंडाकडे, एक गुळगुळीत, किंचित खोलगट जागा. कान तिथे वर्षानुवर्षं घासला होता.

"मी पहिल्या महिन्यातच चाचपलं होतं," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, कागद बघायच्या आधी लोखंड बघ."

आम्ही दोघी तशाच झोपून होतो. वर तोफेचं काळं पोट. मग ती, अगदी साधेपणाने, खरंच समजून घ्यायला विचारावं तसं म्हणाली, "पण कान मागं आहे असं तुला वाटत होतं, तर माझ्या कंसावर तू सही कशी केलीस?"

"घाईत," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. ती बाहेर सरकली आणि तिने मला हात देऊन बाहेर ओढलं. झाकण मी दुरुस्त केलं. ती वॉल्टला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत ती नेहमीसारखी बोलत होती, फक्त सीट बेल्ट लावायला जास्त वेळ घेत होती असं मला वाटलं. तेही कदाचित माझंच.

कास्टिंग आलं. मशीनवर तासलं. वेल्डरांनी रंग खरवडला आणि कंस बसवायला सगळे जमले. तो पहिल्या प्रयत्नात बसला, हातोडीही लागली नाही. लाल दाढीवाल्याने टाळी वाजवली. वॉल्टने हाताचाक फिरवलं आणि ती एवढी मोठी नळी, इतकी वर्षं जागेवर थिजलेली, एका बाजूला सरकली. अगदी थोडी. मी त्या वेळी तोफेकडे पाहत नव्हते. मी मृण्मयीकडे पाहत होते. ती त्या लोखंडाकडे असं पाहत होती, जसं कुणी आपल्या माणसाकडे पाहतं. मला वाटलं, मी या कामाकडे असं कधीच पाहिलेलं नाही. तोपर्यंत मला तिच्या व्हिसाच्या संधीचा हेवा वाटत होता, तिच्या मित्रांचा वाटत होता. त्या दिवसापासून त्या पाहण्याचा वाटायला लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी वॉल्टने मला केबिनमध्ये बोलावलं. अर्ज मृण्मयीचा करायचा ठरला होता.

"तुला कुठेही काम मिळेल," तो म्हणाला. "चांगली पदवी आहे, चांगलं इंग्रजी आहे. तिचं काम मुलाखतीत दिसत नाही."

मी म्हटलं, समजलं. इतकी वर्षं जमवलेली शिदोरीच मला दाराबाहेर पोचवत होती.

"अजून एक," तो संकोचून म्हणाला. "अर्जासोबत कंपनीचं पत्र लागतं. मला लिहिता येत नाही. वकील म्हणतो, नेहमीचं नको. इथे तुझ्याइतकं चांगलं कुणी लिहीत नाही."

मी नाही म्हणू शकले असते.

पहिला मसुदा मी अर्ध्या तासात केला. मेहनती, सहकार्यशील, तांत्रिक ज्ञान उत्तम. एकही शब्द खोटा नव्हता. वॉल्टने तो वाचून परत माझ्याकडे सरकवला. "हे कुणाबद्दलही असू शकतं. असं एक काम लिही जे तिच्याशिवाय चुकलं असतं."

असं एकच काम मला माहीत होतं.

ते लिहायला दोन दिवस लागले. फ्रेंच शीट, मिलिमीटरची मापं, रंगाखालची भोकं, सगळं लिहिलं. पण तेवढ्याने तिचं काम दिसत नव्हतं. एखाद्या शिकलेल्या इंजिनिअरनेही ते शीट चुकीचं वाचलं असतं, हे लिहिल्याशिवाय ती काय करून गेली हे बाहेरच्या माणसाला कळणार नव्हतं. मग मी लिहिलं: हे ड्रॉइंग तपासणाऱ्या चेकरने ते उलट वाचलं होतं.

वॉल्ट त्या ओळीवर थांबला. उठून त्याने फाइलमधून कंसाचं शीट काढलं, खालच्या चौकटी पाहिल्या.

"चेकर तू होतीस."

"हो."

"उलट वाचलं होतंस, तर सही कशी केलीस?"

या वेळी मला घाई हा शब्द सापडला नाही. "कारण ते चुकीचं बाहेर जावं असं मला वाटत होतं," मी म्हटलं.

बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. वॉल्टने चष्मा काढला आणि पत्र माझ्यासमोर ठेवलं.

"चेकरने उलट वाचलं, एवढं राहू दे," तो म्हणाला. "बाकीचं पत्रात लागत नाही. आणि पुढच्या नोकरीत चेकर होऊ नकोस. काही वर्षं तरी."

मी नोव्हायला आल्यापासून ते पाळलं आहे. दोनदा बढतीत ते काम देऊ केलं होतं, दोनदा मी टाळलं. कारण विचारलं तेव्हा काहीतरी सांगितलं.

वकिलाकडे जायच्या आधी मृण्मयीने पत्र वाचायला मागितलं. गाडी पार्किंगमध्येच होती. ती बोट ठेवून सावकाश वाचत होती. चेकरच्या ओळीशी आली तेव्हा म्हणाली, "हे काढ की. नाव नसलं तरी वॉल्टकाकांना कळेल."

"त्याला कळलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. शेवटच्या परिच्छेदात ती अडली.

"इनडिस्पेन्सेबल म्हणजे?"

"जिच्याशिवाय चालतच नाही, ती."

"हे काकांनी लिहायला सांगितलं?"

"नाही. ते माझं आहे."

तिने पत्र घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं आणि फाइल मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. मी गाडी सुरू केली. मला वाटत होतं की आता तरी माझं ते हेवा वाटणं कमी होईल. झालं नाही. असं पत्र कुणीतरी माझ्याबद्दल लिहावं असं मला फार वाटलं, आणि तसं लिहिता येणारी त्या ऑफिसात मी एकटीच होते.